लुईजीची पाळी

'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही' 2023 साली आला तेव्हा माझा बघायचा राहून गेला होता. गेल्या आठवड्यात भाच्याबरोबर घरी बघितला आणि परवा रात्री एकटीने परत बघितला. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते आज लिहून काढते. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

लहानपणी आमच्या घरात मी लुईजी होते. हा सिनेमा ज्यावरून निघाला तो 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा 1985चा मूळ व्हिडिओ गेम ज्यांनी दोघांत खेळलाय त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. त्या गेममध्ये दोघं एका वेळी खेळत नाहीत. पहिला खेळणारा मारिओ, आणि त्याची लाइफ गेली की मगच लुईजी पडद्यावर येतो. दादा मोठा, म्हणून मारिओ त्याचा. त्यात तो खेळायचाही चांगला, त्यामुळे माझी पाळी लवकर यायचीच नाही. मी दुसरा कंट्रोलर मांडीवर घेऊन बसलेली असायचे. बटण दाबून काही होणार नाही हे माहीत असूनही त्याच्या प्रत्येक उडीला माझा अंगठा आपोआप खाली जायचा. वाटेत तो एखाद्या खड्ड्यात पडावा असं अगदी मनापासून वाटायचं. आणि किल्ल्याच्या शेवटी बाऊझरच्या, म्हणजे गेममधल्या खलनायकाच्या, पुलावर पोचला की तो पडू नये असंही तितकंच मनापासून वाटायचं.

सिनेमातली गोष्ट थोडक्यात अशी. मारिओ आणि लुईजी हे ब्रुकलिनमधले दोघे भाऊ. नोकरी सोडून त्यांनी स्वतःचा प्लंबिंगचा धंदा सुरू केलाय. जमिनीखालच्या एका पाइपातून ते भलत्याच जगात ओढले जातात आणि वाटेत एकमेकांचा हात सुटतो. मारिओ मशरूम किंगडममध्ये पडतो, लुईजी बाऊझरच्या काळोख्या मुलखात. मूळ गेममध्ये किल्ल्यामागून किल्ले पार करायचे आणि दर वेळी ऐकायचं की राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. सिनेमाने हे उलटं केलंय. इथे राजकन्या पीच स्वतःच राज्य चालवते, लढाईचे बेत आखते आणि मारिओला शिकवते. कैदेत असतो तो धाकटा भाऊ.

मला हा बदल फार आवडला. पीचला नुसती ओलीस म्हणून बसवली नाही, हे तर उत्तमच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लिहिणाऱ्यांनी त्या जुन्या गेममधलं खरं नातं हुडकून काढलं. मारिओ आणि राजकन्या यांच्यात गेममध्ये होतं तरी काय? शेवटी मिळणारे आभाराचे दोन शब्द. नातं होतं ते एका टीव्हीसमोर बसलेल्या दोघांचं, एक खेळणारा आणि एक वाट बघणारा. लोखंडी पिंजऱ्यात लाव्ह्यावर टांगलेला लुईजी दादा येणार म्हणून तग धरतो, तेव्हा मांडीवर कंट्रोलर घेऊन बसलेली मी मला दिसले.

सिनेमाला कथा नाही, असं म्हणत बऱ्याच समीक्षकांनी नाक मुरडलं होतं. प्रेक्षकांनी मात्र डोक्यावर घेतला, जगभरात 130 कोटी डॉलरहून जास्त कमाई झाली. गेमच्या चाहत्यांनी कौतुक केलं ते गेममधली किती चित्रं, किती आवाज, किती पात्रं जशीच्या तशी उचलली याचं. माझं दोन्ही बाजूंशी पटत नाही. मारिओच्या गेमला कथा असते, पण ती अंगठ्याने कळते. आणि तिच्याशी इमान राखायचं तर दुकानांच्या पाट्यांवर जुन्या गेमची नावं लिहून भागत नाही.

अंगठ्याने कळते म्हणजे काय, ते सांगते. गेमचा अगदी पहिला टप्पा आठवा. मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा, उजवीकडे सगळं मोकळं. कुठेही सूचना नाही. तरी पाय उजवीकडेच वळतात. समोरून एक तपकिरी गुम्बा, म्हणजे गेममधला एक छोटा शत्रू, चालत येतो. पहिल्यांदा खेळणारा त्याला धडकतो आणि मरतो. दुसऱ्यांदा उडी मारतो. उडी मारता मारता डोकं वरच्या प्रश्नचिन्हाच्या चौकोनाला लागतं आणि मशरूम बाहेर येतं. ते उजवीकडे घरंगळत जातं, पाइपाला आपटतं आणि उलटं आपल्याच अंगावर येतं. नुकताच गुम्बाने मार खाल्लेला माणूस घाबरून त्याच्यावरून उडी मारायला जातो, तर डोक्यावर विटांची रांग! उडी अडते, मशरूम अंगाला लागतं आणि मारिओ मोठा होतो. एक अक्षरही न लिहिता गेमचे निर्माते शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवलं की मेलं तरी चालेल, घाबरलं तरी चालेल, परत ये. आणि हे सगळं 40 किलोबाइटमध्ये बसवलं होतं. जागा इतकी कमी की त्यातले ढग आणि झुडपं म्हणजे एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळा.

मुळात मारिओचा चेहरासुद्धा असाच अडचणीतून आलाय. 1981च्या डाँकी काँग या गेममध्ये तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मोजक्या ठिपक्यांत माणूस उभा करायचा होता. केस नीट दिसेनात म्हणून टोपी, तोंड काढता येईना म्हणून नाकाखाली मिशी. हे मला भाच्याला सांगायचं होतं, पण तेव्हा तो सिनेमातल्या त्या निळ्या, गोड आवाजाच्या ताऱ्यावर लोळून हसत होता. पिंजऱ्यात बसून मरणाच्या गोष्टी करणारा तो तारा लहान मुलांना एवढा का आवडतो ते मला अजून कळलेलं नाही, पण आवडतो खरा.

आता माझी खरी तक्रार. पीच मारिओला तयार करण्यासाठी अडथळ्यांची एक वाट उभी करते. हलत्या फळ्या, माणसं गिळणारी झाडं, सगळं गेममधलंच. मारिओ पडतो. परत पहिल्यापासून. परत पडतो. सिनेमात गेमचा प्राण कुठे असेल तर तो इथे आहे. आणि नेमका हाच भाग 1980च्या दशकातल्या एका गाजलेल्या गाण्यावर भराभर तुकडे जोडून उरकून टाकलाय! मी परत लावून बघितला. एकेका पडण्याला मोजून क्षणभर मिळतो. पडल्यावर त्याच्या डोळ्यांत काय होतं, कुठली चूक त्याने पुढच्या खेपेला सुधारली, ते बघायला कॅमेरा थांबतच नाही. गेम खेळताना सगळा आनंद तिथेच असतो ना? त्याच खड्ड्यात सहा वेळा मेल्यावर सातव्या वेळी बोट योग्य क्षणी सुटतं, तो क्षण. तो इथे एकदाही सापडला नाही. 92 मिनिटांच्या सिनेमात याला आणखी चार मिनिटं दिली असती तर कुणालाही कंटाळा आला नसता.

गाण्यांचंही तेच. कोजी कोंडो यांच्या मूळ धून ब्रायन टायलर यांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी इतक्या प्रेमाने बांधल्यात की अंगावर काटा येतो. ते हाताशी असताना बाहेरची गाणी कशाला हवी होती?

आवाजांवरून बराच वाद झाला होता. मारिओ म्हणून ख्रिस प्रॅट मला खटकला नाही. त्याआधी वर्षानुवर्षं गेममध्ये मारिओचा आवाज देणाऱ्या चार्ल्स मार्टिने यांना भावांच्या वडिलांची भूमिका दिलीय, हे मला मनापासून आवडलं. जॅक ब्लॅकचा बाऊझर पियानोवर बसून पीचसाठी गातो तेव्हा भाचा आणि मी दोघंही एकदमच फुटलो.

शेवटाकडे या. सगळे ब्रुकलिनमध्ये येऊन पडलेत, बाऊझर रस्ते उद्ध्वस्त करतोय आणि मार खाऊन मारिओ एका पिझ्झाच्या दुकानात लपून बसलाय. उठायची ताकद नाही. तिथल्या टीव्हीवर त्यांच्याच प्लंबिंगची जाहिरात लागते, दोघा भावांनी हौसेने केलेली. तो बघतो आणि उठून बाहेर जातो. बाऊझर आग ओकतो, तेव्हा रस्त्यावरचं लोखंडी झाकण उचलून मध्ये येतो तो लुईजी. सिनेमाभर थरथरणारा लुईजी! मग ज्याने अंगात प्रचंड ताकद येते तो चमकता तारा दोघं मिळून पकडतात, एकत्र. 1985च्या गेममध्ये जे शक्यच नव्हतं ते इथे घडतं, दोघं एकाच वेळी पडद्यावर. दुसऱ्यांदा बघतानाही मला इथे रडू आलं.

सिनेमा संपल्यावर भाच्याने जुना गेम लावायला सांगितला. पहिल्याच गुम्बाला धडकून मेला. माझ्याकडे बघितलं, काही न बोलता परत सुरू केलं, उडी मारली, मशरूम निघालं आणि ते उलटं अंगावर येताना बघून तो किंचाळला. मोठा झालेला मारिओ बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते अख्ख्या सिनेमात आलं नव्हतं. मग तिसऱ्या खड्ड्यात पडला.

"आत्या, आता तू," म्हणत तो सरकून बसला. मी खेळत होते तेव्हा त्याचा कंट्रोलर मांडीवर होता. माझ्या प्रत्येक उडीला त्याचा अंगठा खाली जात होता.