तीसच्या काट्यावर पस्तिसाची गाडी

माझ्या जुन्या गाडीचा स्पीडोमीटर कित्येक दशके खरे बोलत आला होता आणि त्याला खोटे बोलायला मीच भाग पाडले, हे आधीच कबूल करून टाकतो. मोठ्या रस्त्यावर इंजिन फारच आक्रोश करते, म्हणून मी मागच्या ॲक्सलमधले क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी दातेरी चाकांची जोडी, बदलून घेतले. पूर्वी चाकाचा एक फेरा होण्यासाठी प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याला, ४.५५ फेरे घ्यावे लागत. आता तेच काम ३.९ फेऱ्यांत होऊ लागले. म्हातारपणी कष्ट कमी व्हावेत, एवढाच माझा शुद्ध हेतू होता.

त्यानंतरचा आठवडाभर मी भेटेल त्याला गाडीत बसवून फिरवले आणि काटा ताशी तीस मैलांवर आला की बोट वर करून म्हणत असे, “ऐका, किती शांत झाली आहे!” लोक सभ्य असल्यामुळे माना डोलावत. आठव्या दिवशी सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “अहो, काटा तीसवर आहे, मग झाडं एवढ्या घाईत का आहेत?” त्यांनी फोनवर उपग्रहाधारित वेग लावून पाहिला. फोन किलोमीटरमध्ये बोलतो आणि माझी तबकडी मैलांत, त्यामुळे त्याने सांगितलेल्या ५६ ला मला मनातल्या मनात १.६ ने भागावे लागले. उत्तर आले पस्तीस.

कारण तसे सरळ होते. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असलेल्या दातेरी चाकावरून फिरते. त्यापुढे डिफरन्शियलमध्ये, म्हणजे शाफ्टचे फिरणे दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या ॲक्सलमधल्या यंत्रणेत, काय उलथापालथ झाली, याची तिला गंधवार्ता नसते. ४.५५ भागिले ३.९ म्हणजे बरोबर सातास सहा, म्हणून काटा तीस सांगे तेव्हा गाडी पस्तीसने पळत असे. परंतु मला खरा धक्का बसला तो यातूनच निघणाऱ्या दुसऱ्या सत्याने. टॉप गिअरमध्ये केबल आणि इंजिन यांचे नाते बदललेलेच नव्हते, म्हणजे काटा तीसवर असताना इंजिन पूर्वी जेवढे फेरे घेत होते, अगदी तेवढेच आताही घेत होते. आठवडाभर मी लोकांना ऐकवलेली ती शांतता केवळ मी केलेल्या खर्चातून उत्पन्न झाली होती.

मग मी या यंत्राच्या अभ्यासाला लागलो. या रचनेचे पेटंट ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये जर्मनीत घेतले. केबलच्या टोकाला एक लोहचुंबक गरगर फिरतो आणि त्याला वेढून असलेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीला तो स्पर्शदेखील करत नाही. वाटीत निर्माण होणारे विद्युत्प्रवाह तिला चुंबकामागे ओढू पाहतात आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे स्थिरावेल तिथे काटा उभा राहतो. थोडक्यात, काट्याला वेग कोणी सांगत नाही, त्याला केवळ भरीस घातले जाते. त्याच्याखाली धावलेले मैल दाखवणारे आकडे मात्र दातेरी चाकांनी थेट केबलला जोडलेले असतात आणि त्यांना भरीस वगैरे घालता येत नाही.

मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी तबकडी हातात घेऊन लगेच उपाय सांगितला, “साहेब, चुंबक जरा जोरदार करून देतो, काटा वर येईल.” मी हरखलो. मग विचारले, “आणि खालचे आकडे?” त्यांनी माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिले. चुंबकाचा जोर वाढल्याने दात वाढत नाहीत. सत्तर मैल धावल्यावर ते आकडे साठच सांगत राहणार होते. म्हणजे एकाच खिडकीत बसलेल्या दोन कारकुनांपैकी एक सच्चा आणि दुसरा लबाड. त्यापेक्षा दोघेही सारखेच लबाड असलेले बरे, निदान हिशेब तरी जुळतो. खरा उपाय होता केबलच्या वाटेत बसवायची, तिचे फेरे वाढवणारी एक छोटी गिअरपेटी. मात्र तिच्यासाठी गुणोत्तर कागदावर नव्हे, गाडीवर मोजून आणा, असे त्यांनी बजावले.

माझ्या तबकडीवर बारीक अक्षरांत ११२० असे छापले आहे. एका मैलाला केबलने इतके फेरे घ्यावेत, अशी त्या मीटरची अपेक्षा असते. गाडी प्रत्यक्षात किती फेरे देते, हे मोजण्याची रीत अशी की केबल मीटरपासून सोडवून तिच्या आतल्या तारेला कागदाचा बाण लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, मागचे चाक सहा फेरे फिरवावे आणि बाणाचे फेरे मोजावेत. त्या संख्येला १६८० ने गुणून चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या इंचांनी भागले की मैलाचे फेरे मिळतात. गाडी ढकलण्याचे टाळावे म्हणून मी एकच मागचे चाक जॅकवर उचलले आणि बसल्या जागी फिरवले. बाण साडेतीन फेरेही पूर्ण करीना. गणित सांगू लागले की मी तीसच्या काट्यावर सत्तर मैलांच्या वेगाने हिंडत होतो. दुसरे चाक जमिनीवर अडलेले असले तर डिफरन्शियलच्या कृपेने शाफ्ट निम्माच फिरतो, हे मला रात्री अंथरुणात आठवले.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला बोलावले. टायरवर खडूने खूण केली. तो मागून ढकलत होता, मी आत वाकून बाण मोजत होतो आणि सौभाग्यवती चाकाचे फेरे मोठ्याने म्हणत होत्या. सहा फेऱ्यांना साडेअकरा मीटर पुरतात. आम्ही ते अंतर पाच वेळा कापले, कारण दर वेळी मी सौभाग्यवतींचा आकडा ऐकून माझा विसरत होतो. अखेर बाण पावणेसात आणि सात यांच्या मधोमध थांबला. चाकाची त्रिज्या बारा इंच होती, तेव्हा उत्तर आले सुमारे ९६०. ११२० ला ९६०, म्हणजे पुन्हा सातास सहाच! म्हणजे घाम गाळून आम्ही तेच सिद्ध केले, जे मी पहिल्याच दिवशी आरामखुर्चीत काढले होते.

पेटी बसली. केबलचे वळण फार तीव्र होते म्हणून काटा आधी थरथरला. वळण सैल केले, शिवाय उत्साहाच्या भरात तारेला अगदी वरच्या टोकापर्यंत ग्रीस फासले. ते ग्रीस चढत चढत मीटरमध्ये शिरले, त्याने वाटी आणि चुंबक यांचे लग्न लावून दिले आणि गल्लीत चालत्या माणसाच्या गतीने जाताना काट्याने ऐंशी गाठले. वरची काही बोटे तार कोरडी ठेवायची असते, असे कारागीर म्हणाले, तेही मीटर धुऊन झाल्यावर.

त्यानंतर दोन महिने फोन आणि काटा यांच्यात संपूर्ण एकमत होते. मग टायरांना भेगा पडल्या. नवे टायर किंचित ठेंगणे निघाले आणि काट्याच्या तीस मैलांना, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटरना, फोन सत्तेचाळीस म्हणू लागला. मी घाईघाईने सौभाग्यवतींना समजावले की नव्या गाड्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या नियमावलीतसुद्धा मीटरने खऱ्या वेगाहून कमी दाखवणे वर्ज्य आहे. जास्त मात्र एक दशांश आणि वर चार किलोमीटर इतके दाखवलेले चालते.

“म्हणजे आता तो नियमाला धरून खोटं बोलतो,” त्या म्हणाल्या.

पुतण्या मात्र नवे टायर पाहिल्यापासून आमच्याकडे फिरकलेला नाही.