गोल्फ कार्ट घ्या की, पण विम्याचं काय ते आधी बघा

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच धुरळा चाललाय, बेळगावच्या जांबोटी रोडवरच्या फार्महाऊसला सेकंडहँड गोल्फ कार्ट घ्यायची का नको. आज्जीचे गुडघे गेलेत, देऊळ गावात, मधे चढ. काका म्हणतात "बॅटरीची गाडी, लायसन नको, पासिंग नको, विमा कशाला काढायचा वो तिला". आतेभावाला कार्ट कोल्हापुरात मिळालीय, म्हणून एमएच-०९ का केए-२२ यावर जे सुरू झालं ते थेट २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेल्या सीमाखटल्यापर्यंत गेलं (आपल्याकडं कुठलाही विषय शेवटी तिथंच जातो म्हणा). आणि मी अमेरिकेत फ्लोरिडात असल्यामुळं मला काय, तर "तुमच्या फ्लोरिडात पोरंटोरं फिरवतात की".

फिरवायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून १८ च्या खालच्यांना रस्त्यावर कार्ट चालवायला लर्नर परमिट नाहीतर लायसन लागतं. त्यातही कुठल्याही रस्त्यावर नेता येत नाही, जो रस्ता कार्टसाठी ठरवून दिलाय त्याच्यावरच. पण इथलं सगळं शहाणपणाचंच आहे असंही नाही बरं का. साध्या कार्टला विमा सक्तीचा नाहीच, तोच ताशी २०-२५ मैल पळणाऱ्या 'लो स्पीड व्हेइकल'ला नंबर प्लेट आणि विमा दोन्ही पाहिजे. मग लोक समजतात की घराचा विमा आहे ना, त्यात येतंय सगळं. बऱ्याच पॉलिसीत फक्त आपली जागा नाहीतर गोल्फचं मैदान एवढंच धरलेलं असतं, कोपऱ्यावर कुणाला धडक बसली की बिल आपल्या खिशातनं, आणि इथलं दवाखान्याचं बिल म्हणजे घर विकायची पाळी.

आता काकांचं लायसन-पासिंग नको वालं. ती सूट आहे खरी, पण २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत स्पीड, दोन्ही एकदम असेल तर. कार्टची मोटर काही किलोवॅटची असते, तिला कुठली सूट? फक्त बंद आवारात वापरायलाच बनवलेली खास गाडी असेल आणि ती कंपाउंडच्या आतच फिरवली तर मोटार वाहन कायदा तिला मोटार वाहन म्हणत नाही, तिथं काका बरोबर. गेटच्या बाहेर देवळाच्या रस्त्याला लागली की मात्र ती मोटार, मग रजिस्ट्रेशन आलं, कलम १४६ खाली थर्ड पार्टी विमा आला, आणि रिसॉर्टसाठी बनवलेल्या बहुतेक कार्टना रस्त्यावर चालवायची मंजुरीच नसते तर आरटीओ नंबर देणार कुठला, एमएच का केए हा वाद तिथंच मिटला. सुट्टीत पोरांच्या हातात दिली आणि काही झालं तर कलम १९९ए, पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड.

मला खरी भीती पोरांचीच वाटते. दिसायला जत्रेतल्या पाळण्यासारखी गाडी, त्यामुळं कुणी घट्ट धरून बसतच नाही. दार नाही, बहुतेकींना बेल्ट नाही, जोरात वळवली की कडेचा माणूस सरळ बाहेर, आणि पडतो तो डोक्यावर. बऱ्याच मॉडेलना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आपल्याकडच्या पावसात त्या शेवाळलेल्या उतारावर सहा जणं बसवून न्या म्हणजे कळेल. मागं तोंड करून बसायची सीट असेल तर बारक्यांना तिथं अजिबात बसवू नका. आणि लेड ॲसिड बॅटरी असली तर चार्जिंग बंद खोलीत नको, हायड्रोजन सुटतो.

म्हणून माझं मत: कार्ट घ्या, गेटच्या आतच फिरवा, चावी काकांच्या खिशात. आतसुद्धा गडीमाणूस, पाहुणे असतात, तर कुणाला लागलं तर भरपाई देणारी लायबिलिटी पॉलिसी मिळते का ते एजंटला विचारा आणि त्यात कार्ट लिहिलीय का वाचून घ्या, तोंडी "होतंय वो" चालणार नाही. देवळाला गावातली रिक्षा बोलवा. काकांना ते पटणार नाही, रिक्षात शान नाही म्हणतील.