एसजीपीटी नॉर्मल आहे, मग प्लेटलेट कशाला बघायच्या?

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी फिब-४ नावाचा हिशेब दिला होता. लिव्हरमध्ये व्रण (जुन्या इजेचे कडक डाग) साठले असण्याचा धोका किती, याचा अंदाज तो रक्ताच्या साध्या आकड्यांवरून देतो. त्यातली एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीत मोजली जाणारी दोन एन्झाइम. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी. काकांनी तो स्वतःच्या रिपोर्टवर करून पाहिला. वय ६८, एसजीओटी २८, एसजीपीटी २५, प्लेटलेट २ लाख १० हजार. उत्तर आलं १.८१. लेखातली १.३ ची सीमा (तिच्या खाली धोका कमी) वाचून त्यांची झोप उडाली आणि त्यांनी लिहिलं, "ताई, बारा वर्षं शुगर आहे, पण एसजीपीटी कायम नॉर्मल. अशा माणसाला कशाला घाबरवता? रक्तावरून लिव्हर कळत नाही, बायोप्सीच खरी. असल्या लेखांनी फक्त लॅबवाल्यांचा धंदा वाढतो."

आधी तुमच्या आकड्याचं बोलू. तुमच्या वयाला १.८१ हा काळजीचा आकडा नाही. ६५ च्या पुढे खालची सीमा १.३ नाही, २.० धरतात, लेखात सूत्राच्या लगेच खाली ते दिलेलं आहे. हिशेबात वय थेट गुणलं जातं, त्यामुळे नुसतं वय वाढलं तरी उत्तर वर सरकतं. रक्ताचे हेच आकडे पंचेचाळिशीच्या माणसाचे असते तर उत्तर १.२ आलं असतं. उलट पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब लावूच नये, तिथे तो भरवशाचा नाही. तेव्हा आज रात्री शांतपणे झोपा.

पण 'एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे लिव्हर ठणठणीत' हे तुमचं म्हणणं मी तसंच सोडू शकत नाही. नाशिकमध्ये रोज रिपोर्ट तपासताना मला सगळ्यात जास्त भीती याच समजुतीची वाटते. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींच्या आतलं एन्झाइम. पेशी दुखावली की ते रक्तात उतरतं. म्हणजे सध्या किती पेशी दुखावल्या जात आहेत, एवढंच ते सांगतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत चरबीने, दारूने किंवा हिपॅटायटिसने आत किती व्रण साठले, लिव्हर किती कडक झालं, हे त्याला विचारून उपयोग नाही. सिरोसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर व्रणांनी भरून कडक होण्यापर्यंत, पोचलेल्या माणसाचंही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. सूज ओसरलेली असते आणि दुखावायला चांगल्या पेशीही कमी उरलेल्या असतात.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कंपन्यांमध्ये वर्षाला तपासणी होते आणि रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते. समजा वय ५८, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६. चाळीसच्या आत, म्हणून दोन्ही साध्या अक्षरांत छापलेले. प्लेटलेट १ लाख ३० हजार, तेवढाच आकडा ठळक. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, प्लेटलेट त्यातच) पहिल्या पानावर, एलएफटी (लिव्हरची तपासणी) चौथ्या-पाचव्या पानावर. प्लेटलेट बघून कोणीतरी म्हणतं 'व्हायरल झालं असेल', एलएफटीचं पान बघून म्हणतं 'लिव्हर मस्त आहे', आणि पीडीएफ मिटते. आता हेच आकडे एकत्र घ्या: ५८ गुणिले ३८ म्हणजे २२०४, त्याला भागायचं १३० गुणिले ६ (३६ चं वर्गमूळ), म्हणजे ७८० ने. उत्तर २.८३. २.६७ च्या वर गेलं की लिव्हरमध्ये बरेच व्रण असण्याची शक्यता धरून पुढची तपासणी करायची असते. एकही एन्झाइम वाढलेलं नसताना या माणसाला लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं.

प्लेटलेटचा लिव्हरशी संबंध काय, असंही तुम्ही विचारलंय. लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून त्यात येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि तो मागे प्लीहेवर येतो. प्लीहा फुगते आणि प्लेटलेट स्वतःत अडकवून ठेवते. शिवाय प्लेटलेट तयार करायला अस्थिमज्जेला सांगणारं संप्रेरक मुख्यतः लिव्हरमध्येच बनतं, तेही कमी पडतं. म्हणून हळूहळू, दरवर्षी थोड्या थोड्या उतरत जाणाऱ्या प्लेटलेट मला एखाद्या वाढलेल्या एसजीपीटीपेक्षा जास्त अस्वस्थ करतात. (कधी कधी नळीतच प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन आकडा खोटाच कमी दाखवतं. म्हणून कमी आकडा आला की स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायलाच हवी.)

हा हिशेब कुठे फसतो तेही सांगायला हवं. पावसाळ्यात नाशिकमध्ये डेंग्यूचे पेशंट येऊ लागले की एसजीओटी चढतं, प्लेटलेट कोसळतात. चाळीस वर्षांचा माणूस, एसजीओटी १८०, एसजीपीटी १००, प्लेटलेट ६० हजार: उत्तर १२! त्याच्या लिव्हरमध्ये एकही व्रण नसेल. तापात, ताज्या काविळीत किंवा आदल्या दिवशी जिममध्ये जोरात व्यायाम केला असेल तर हा आकडा काढूच नका. बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या आणि मग बघा.

बायोप्सीबद्दल. ती अजूनही लागते, काही आजारांत तिच्याशिवाय निदान पुढे सरकत नाही. पण सुईत येतो तो तुकडा लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग. व्रण सगळीकडे सारखे नसतात, आणि रक्तस्रावाचा धोका थोडा का होईना असतोच. गंगापूर रोडवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत 'फॅटी लिव्हर ग्रेड १' असा सोनोग्राफी रिपोर्ट घरात असलेले किती निघतील! सगळ्यांना सुई टोचणार का? आणि ग्रेड सांगते ती चरबी. पुढे त्रास होणार की नाही हे मुख्यतः व्रणांवर ठरतं, आणि ते साध्या सोनोग्राफीत बऱ्याच उशिरा दिसतात. फिब-४ चं खरं काम इथे आहे: ज्यांना धोका कमी आहे त्यांना बाजूला काढणं. त्यात ते चांगलं आहे. आकडा जास्त आला म्हणजे आजार पक्का, असं मात्र नाही. तिथे फायब्रोस्कॅन करून लिव्हरचा कडकपणा मोजतात. तो ८ किलोपास्कलच्या आत आला तर बहुतेकांना दिलासा मिळतो. निदान डॉक्टर करतात. रक्ताचे आकडे पुढे कोणाला पाठवायचं तेवढं सांगतात, आणि मी लेखात एवढंच म्हटलं होतं.

लॅबच्या धंद्याचं म्हणाल तर या हिशेबाला एक रुपयाही जास्त लागत नाही. सीबीसी आणि एलएफटी तुम्ही आधीच केलेलं असतं. तुमचा राग मला पॅकेजांबद्दल मात्र पूर्ण पटतो. धडधाकट माणसाच्या 'फुल बॉडी'त एएफपी घालून त्याला कॅन्सर मार्कर म्हणून विकणं मला अजिबात मान्य नाही. एएफपी गरोदरपणात वाढतं, हिपॅटायटिसमध्ये वाढतं, आणि लिव्हरचा छोटा कॅन्सर असताना नॉर्मलही येतं. सिरोसिसच्या पेशंटला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीच्या जोडीने ते करतात, तिथे त्याला अर्थ आहे.

आता तुमच्यापुरतं. टाइप २ डायबेटिस असलेल्यांचं फिब-४ एन्झाइम नॉर्मल असतानाही काढावं, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. तेव्हा तुमचा १.८१ वहीत लिहून ठेवा आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा काढा. फायब्रोस्कॅनची आज घाई नाही. मात्र हिपॅटायटिस बी आणि सी कधी तपासल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही एकदा करून घ्या. हे दोन आजार रक्तावरूनच शोधतात. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आलं तर विषाणू अजून आहे का, हे बघायला आरएनए तपासतात, आणि हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आणि कोरोनापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेता, असं तुम्ही शेवटी लिहिलंय, तो तूर्त थांबवा. गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या काही केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना हा काढा माहीतच नसेल, तर पुढच्या वेळी रिपोर्टसोबत तेही सांगा.