"एन्क्रिप्टेड आहे, बिनधास्त टाका" म्हणणाऱ्यांना

पीकविम्याचे अर्ज सुरू झाले की आमच्या यवतमाळकडच्या गावग्रुपांवर हा मेसेज फिरतो: "व्हॉट्सअ‍ॅप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड हाय. कंपनीलेबी वाचता येत नाही. आधार, पासबुक, सातबारा ग्रुपवरच टाका. ज्याच्या मनात पाप नाही त्यानं लपवाचं काय?"

एन्क्रिप्शनचं म्हणणं खरं आहे. एप्रिल 2016 पासून तिथला मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मजकूर कंपनीलाही दिसत नाही. कोण कोणाशी कधी बोललं, हे मात्र तिला कळू शकतं.

पण ग्रुपवर घेणारा कोण? तिथं 1024 पर्यंत माणसं मावतात. कृषी केंद्रवाला, बियाण्याच्या कंपनीचा पोरगा, मागच्या निवडणुकीत कोणीतरी घुसवलेले नंबर. या सगळ्यांच्या गॅलरीत तुमचं पासबुक जाऊन बसतं. एकानं ते पुढे ढकललं, तर एन्क्रिप्शन तेही इमानेइतबारे पोचवतं. वाटेतली चोरी ते थांबवतं. कागद कोणी पाहावा हे तुम्हीच ठरवायचं असतं, अन् ग्रुपवर टाकताना तुम्ही ते ठरवून मोकळे झालेले असता.

सातबाऱ्याचं जाऊ द्या, तो महाभूलेखच्या सरकारी साइटवर कोणीही पाहतो. आधार आणि पासबुकाचं तसं नाही. गावातल्या बँक मित्राकडे आधारवर पैसे काढायला काय लागतं? बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा. ओटीपी लागत नाही. पहिल्या दोन गोष्टी ग्रुपवर गेल्या की मधे फक्त अंगठा उरतो, आणि ठशांची नक्कल करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत.

राहिलं "लपवाचं काय". खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं. तेवढ्या लांब जायचं नसेल तर पासबुकाचं शेवटचं पान पाहा. कापसाचा चुकारा जमा झालाय, शिल्लक स्पष्ट दिसते. ज्याची उधारी आहे तो दुकानदार त्याच ग्रुपवर आहे. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्याला दिसू नयेत असं वाटणं, यात कुठलं पाप?

कागद अर्ज भरायच्या केंद्रावर नेऊन दाखवा, नाहीतर केंद्रवाल्या दादाच्या एकट्याच्या नंबरवर पाठवा आणि काम झाल्यावर त्याच्यासमोरच डिलीट करायला लावा. जिथं पूर्ण क्रमांक लागत नाही तिथं शेवटचे 4 अंकच दिसणारं मास्क्ड आधार चालतं. आधीच ग्रुपवर टाकलं असेल, तर आधारच्या सरकारी अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा वापर, लॉक करून ठेवा. पैसे काढायच्या वेळी ते तात्पुरतं उघडता येतं.