तुर्की लग्नात खरं कोण नाचतं?

"तुर्कस्तानची पारंपरिक नृत्यं दोनच: बेली डान्स आणि गोल फिरणारे दरवेश. बाकीची लोकनृत्यं आता फक्त पर्यटकांसाठी स्टेजवर उरली आहेत." इस्तंबूल फिरून आलेल्यांचा हा मजकूर सगळीकडे फॉरवर्ड होतोय. तो साफ चुकीचा आहे.

दरवेशांचा, म्हणजे सूफी साधकांचा, 'समा' हा मेवलेवी या सूफी पंथाचा धार्मिक विधी आहे. हा पंथ ज्यांना मानतो ते सूफी कवी रूमी १२७३ साली वारले. त्यांच्या पुण्यतिथीला, १७ डिसेंबरला, कोन्या शहरात तो मोठ्या श्रद्धेने होतो. लग्नाच्या वरातीत तो कुणी करत नाही. बेली डान्सच्या ठेक्यावर लोक लग्नात हौसेने नाचतात, हे खरं. पण त्यावरून गावोगावच्या परंपरेची ओळख ठरवता येत नाही.

ही परंपरा प्रांतागणिक बदलते. मध्य, पूर्व आणि आग्नेय अनातोलियात (तुर्कस्तानच्या आशियाई भागात) लग्न म्हटलं की हलाय. करंगळीत करंगळी अडकवून, खांद्याला खांदा लावून रांग उभी राहते. पुढचा 'हलायबाशी' रुमाल फिरवत पावलं बदलतो आणि मागचे सगळे त्याच्याबरोबर बदलतात. साथीला दावुल, म्हणजे मोठा ढोल, आणि झुर्ना. दावुलवाला एका हाताने जाड टिपरू आणि दुसऱ्या हाताने बारीक काडी मारतो. झुर्ना आपल्या सनईच्या कुळातली, पण आवाजाने कितीतरी कडक. सुरुवात संथ, मग लय चढत जाते. पाहुणा नुसता बघत उभा राहिला तर त्याला हाताला धरून रांगेत ओढतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे प्रेक्षक आणि नर्तक असे दोन गट नसतातच.

काळ्या समुद्राकाठी, त्राब्झोन-रिझेकडे, केमेंचे या छोट्या तंतुवाद्यावर होरोन चालतो: झपाट्याचा, खांदे थरथरवणारा. पश्चिमेला एजियन समुद्राच्या बाजूचा झेबेक याच्या अगदी उलट. नऊ मात्रांची भारदस्त लय, पसरलेले हात, गुडघा जमिनीला टेकवणं. पूर्वेकडच्या एलाझी शहरात मेंदीच्या रात्री बशीत मेणबत्त्या घेऊन 'चायदा चिरा' नाचतात.

"फक्त पर्यटकांसाठी" या दाव्याबद्दल बोलायचं तर, सैन्यात निघालेल्या पोराला निरोप देताना मित्र बसस्टँडवरच दावुल-झुर्ना लावून हलाय धरतात. तिथे तिकीट काढलेला एकही पर्यटक नसतो. स्टेजवरच्या मंडळांनी पोशाख आणि रचना ठरीव केल्या हे मान्य. पण त्यामुळे अंगणातलं नाचणं थांबलेलं नाही. जर्मनीत वाढलेल्या तुर्की मुलांच्या लग्नातही, भाड्याच्या हॉलमध्ये, हलायची रांग लागतेच.