म्हणे पिक्चरचे ड्रेस बघायला तिकीट कशाला काढायचं?

सध्या इंग्लंड ट्रिपवाल्या ग्रुपांमधे एक फॉरवर्ड फिरतोय, तुम्हालाही आला असेल. जेन ऑस्टिन या दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज लेखिकेच्या गोष्टींवरच्या पिक्चर-सिरियलमधले कपडे जिथे मांडलेत तिथे पैसे घालवू नका, सगळं खोटं, मशीनवर शिवलेलं, त्यापेक्षा खरे जुने कपडे ठेवा ना, आणि तेव्हा बायकांना कॉर्सेटमधे, म्हणजे आतून दोरीने आवळायच्या कपड्यात, श्वास घेता यायचा नाही हे दाबून ठेवतात, माणसंही बुटकी होती, आणि यूट्यूबवर सगळं दिसतंच. मी असं प्रदर्शन बघून आलेय आणि हे लिहिणारा तिकडे फिरकलाही नसेल याची मला जवळपास खात्री आहे.

"खोटं" कसं काय? पाटीवर लिहिलेलं असतं की कुठला पिक्चर, कुठली नटी, डिझायनर कोण. 1995 च्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चे कपडे जेनी बीव्हन आणि जॉन ब्राइटने केले. या ब्राइटने 1965 मधे लंडनला कॉसप्रॉप ही नाटक-सिनेमाला कपडे पुरवणारी कंपनी काढली आणि हा माणूस खरे जुने कपडे जमवतो, ते कसे बेतलेत ते बघतो आणि त्यावरून नवे बेततो. मशीनचं म्हणाल तर हो, 1811 ते 20 च्या रीजन्सी काळात, म्हणजे ऑस्टिनच्या गोष्टींच्या वेळी, शिवणयंत्र घरोघरी नव्हतंच, सगळी हातशिलाई, खुद्द ऑस्टिनबाई भावाचे शर्ट शिवायच्या आणि आपली शिलाई सगळ्यांत नीट असते म्हणून पत्रात मिरवायच्या. पिक्चरच्या कपड्यात आतल्या लांब शिवणी बऱ्याचदा मशीनच्या असतात कारण शूटिंगची तारीख कोणासाठी थांबत नाही, पण चांगल्या कामात गळ्याची न् बाहीच्या कडेची शिलाई हाताचीच असते. मी काचेला नाक लावून तेच बघत होते तर तिथल्या बाईंनी जरा मागे व्हा म्हणून सांगितलं. आणि खालचा काठ बघाच, कपडा नवाकोरा दिसू नये म्हणून रंग लावून, सँडपेपर घासून तो मुद्दाम झिजवतात, हे काम करणारी वेगळी माणसं असतात, चिखलातून चालत आलेल्या हिरॉइनच्या परकराचा चिखलसुद्धा कोणीतरी बसून रंगवलेला असतो.

खरे कपडे का ठेवत नाहीत? ठेवतात हो, पण दोनशे वर्षांची मलमल उजेडाने खराब होते, म्हणून 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास मिणमिणता लाइट ठेवतात आणि काही महिन्यांनी कपडे परत पेटीत. बाथ शहरातलं फॅशन म्युझियम तर 2022 पासून बंदच आहे, नवीन जागेत जायचंय. खरंच हौस असेल तर लंडनला 2025 मधे व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस, म्हणजे व्ही अँड ए म्युझियमचं कोठार, उघडलंय, तिथे आधी बुक करून हवी ती वस्तू काढून बघता येते, हे फॉरवर्डवाल्याने सांगितलं असतं तर उपकार झाले असते. त्या काळातली उंची मलमल बंगालची आणि शाली काश्मीरच्या, त्याचाही एक शब्द नाही.

आता कॉर्सेट. याने माझं डोकंच फिरतं. तेव्हाच्या फॅशनमधे कंबर छातीच्या खाली लगेच, मग खालची कंबर आवळून दाखवायची कोणाला? आतून घालायचे ते सुती, पुढे लाकडाची किंवा हाडाची एक पट्टी, काम छाती वर धरून ठेवायचं. दोरीची भोकं हाताने शिवलेली, धातूच्या रिंगा 1828 नंतर आल्या, त्याआधी कोणी जीव खाऊन दोरी ओढली असती तर कापडच फाटलं असतं. त्याच काळावरच्या 'ब्रिजर्टन' सिरियलच्या पहिल्याच भागात आवळाआवळीचा सीन आहे, लोकांनी तो बघून इतिहास ठरवला.

बुटकी माणसं हे तर हास्यास्पद आहे. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्याच्या संग्रहात एक रेशमी लांब कोट आहे, ओकच्या पानांच्या डिझाइनचा, 1812 ते 14 च्या सुमाराचा, तो ऑस्टिनचा मानतात, आणि मापावरून घालणारी साधारण पाच फूट सहा ते आठ इंच निघते. लहान कपडेच जास्त उरले कारण मोठे उसवून दुसऱ्यांसाठी करता यायचे, लहान कोणाला होणार?

हां, एक मान्य, पिक्चरवाले मुद्दाम बदल करतात. 2005 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या दिग्दर्शकाला ती उंच कंबर आवडत नव्हती म्हणून गोष्ट चक्क 1790 च्या दशकात नेली. पाटीवर हे लिहायला हवं आणि बरेचदा लिहीत नाहीत.

आणि यूट्यूब! कॅमेरा सारखा चेहऱ्यावर असतो हो. पुतळ्याच्या मागे जाऊन उभं राहिलं की कळतं या झग्याची पाठ किती अरुंद बेतलीय, बाह्या पार मागे जाऊन जोडल्यात, त्यामुळे घालणारीचे खांदे आपोआप मागे जातात, वाकून बसायची सोयच नाही, त्या सगळ्या नट्या तशा ताठ का दिसतात ते मला तिथे मागून बघितल्यावर कळलं.