टेरी वोगन आणि त्याचा एकुलता एक श्रोता

२००५ च्या जानेवारीत कंपनीने मला इंग्लंडमधल्या रेडिंगला पाठवलं. सकाळी उठून गाडीच्या काचेवर गोठलेलं दंव जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं (त्यासाठी प्लास्टिकची खरवडणी मिळते ही अक्कल दुसऱ्या हिवाळ्यात आली) आणि मग एम-फोर महामार्गावर स्लाउच्या दिशेने मुंगीच्या पावलांनी सरकत राहायचं. गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाने बीबीसीचं रेडिओ टू लावून ठेवलेलं, ते बदलायचं कसं हे मला समजेना. म्हणून मी रोज साडेसातला टेरी वोगन नावाच्या एका म्हाताऱ्याची बडबड ऐकू लागलो.

पहिले आठ दिवस वाटलं, याला पगार कशाचा देतात? श्रोत्यांची पत्रं वाचतोय. पत्र लिहिणाऱ्यांची नावं अशी की मोठ्याने वाचली की चावट अर्थ निघावा. मध्येच पहिलीच्या बालभारतीच्या थाटात 'जॉन आणि जेनेट'ची गोष्ट. म्हणजे बातम्या देणारे जॉन मार्श आणि त्यांची बायको. सगळा द्व्यर्थी मामला, आणि गोष्ट निम्म्यावर आली की वाचणाऱ्यालाच हसू अनावर. मग काही सेकंद नुसतं फुसफुसणं. राष्ट्रीय रेडिओवर!

ऑफिसात विचारलं तर अकाउंट्समधली एक बाई छाती फुगवून म्हणाली, "मी टॉग आहे." टॉग म्हणजे 'टेरीज ओल्ड गीझर्स' किंवा 'गॅल्स', थोडक्यात टेरीचे म्हातारे आणि म्हाताऱ्या. बाईचं वय जेमतेम बेचाळीस. तेव्हा त्या कार्यक्रमाचे श्रोते ऐंशी लाखांच्या घरात होते.

त्याची कारकीर्द वाचायला घेतली तर हा माणूस एक की चार, असा प्रश्न पडतो. १९३८ मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकला जन्म. आधी बँकेत कारकून, मग डब्लिनला रेडिओवर निवेदक, मग बीबीसी. १९७२ ते ८४ रेडिओ टूची सकाळ त्याची. १९७९ पासून 'ब्लँकेटी ब्लँक' हा गाळलेल्या जागा भरण्याचा टीव्हीवरचा खेळ. १९८० पासून 'चिल्ड्रन इन नीड' ही मुलांसाठी निधी जमवणारी रात्रभराची मोहीम. १९८५ ते ९२ आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी सातला, त्याच्याच नावाचा गप्पांचा कार्यक्रम. जोडीला युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेचं समालोचन, त्यात प्रत्येक देशाची यथेच्छ टर. २००१ मध्ये कोपनहेगनच्या सूत्रसंचालकांच्या जोडीला 'डॉक्टर डेथ आणि टूथ फेअरी' म्हणून मोकळा झाला, डेन्मार्कचे लोक भयंकर चिडले. शिवाय १९७८ मध्ये 'फ्लोरल डान्स' हे गाणं गायला, ते चार्टमध्ये २१व्या क्रमांकापर्यंत गेलं. आवाज बेताचाच. आणि १९८१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्सच्या गोल्फ मैदानावर कॅमेऱ्यासमोर ३३ यार्डांवरून गोल्फचा चेंडू थेट खड्ड्यात घातला. हेही याच्याच खात्यावर.

सगळे 'केवढं वैविध्य' म्हणतात. मला नाही पटत. माझ्या मते त्याने आयुष्यभर एकच काम केलं: समोरच्या एका माणसाशी बोलणं. किती श्रोते आहेत विचारलं की तो 'एक' म्हणायचा, असं सांगतात. मला यात बँकेचं काउंटर दिसतं. मागे रांग कितीही असो, जाळीपलीकडे एका वेळी एकच गिऱ्हाईक.

आपल्याकडे अमीन सयानी 'बहनों और भाइयों' म्हणायचे आणि भरलेल्या मैदानात बसल्यासारखं वाटायचं. त्याचीही मजा वेगळी होती. वोगनचं उलट. ओट्यापाशी उभं राहून टोस्टला लोणी लावणाऱ्या एका बाईशी तो बोलायचा आणि आपण ते चोरून ऐकतोय असं वाटायचं.

म्हणूनच की काय, टीव्हीवर गर्दी आली की त्याचा पाय घसरायचा. १९९० मध्ये त्या गप्पांच्या कार्यक्रमात फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट तर्र होऊन आला. पुढच्या वर्षी बीबीसीचा माजी क्रीडा निवेदक डेव्हिड आइक आला, स्वतःला देवाचा पुत्र म्हणवत. प्रेक्षक खो-खो हसू लागले आणि वोगनने त्याला तोंडावर सुनावलं की ते तुला हसताहेत. ती चित्रफीत मी पाहिली आहे. चुरचुरीत आहे, पण बघवत नाही. हेच तो रेडिओवर करता, तर तिथे हसायला कोणी बसलेलंच नसतं. १९९२ मध्ये त्याचा कार्यक्रम बंद करून बीबीसीने त्या जागी 'एल्डोराडो' ही मालिका आणली. ती वर्षभरात गुंडाळली. वोगन तोवर रेडिओच्या सकाळीत परतला होता आणि पुढे सतरा वर्षं तिथून हलला नाही.

देव्हाऱ्यात बसवावा असाही नव्हता तो. 'चिल्ड्रन इन नीड'साठी तो मानधन घेत होता हे २००७ मध्ये बाहेर आलं. मी मागितलं नव्हतं, फुकटही केलं असतं, असं त्याचं उत्तर. मग इतकी वर्षं घेतलं कशाला, हा माझा प्रश्न तसाच आहे.

पण एका गोष्टीसाठी मी त्याला बरंच माफ करतो.

७ जुलै २००५ ला लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले. पुढच्याच आठवड्यात लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून आगगाडीने परतताना मी पाठीवरची लॅपटॉपची बॅग काढून मांडीवर घेतली, तर शेजारचा माणूस उठून दाराशी जाऊन उभा राहिला. उतरायचं असेल त्याला. पुढच्या स्टेशनवर तो उतरला नाही. तेव्हापासून मी बॅगेची चेन उघडी ठेवून, आतला डबा दिसेल अशा बेताने बसू लागलो.

हे अकाउंट्समधल्या बाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चौऱ्याहत्तरमध्ये बर्मिंगहॅमच्या पबमध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचे बॉम्ब फुटले तेव्हा आयरिश बोली ऐकू आली तरी लोक तोंड फिरवायचे. तिचे वडील आयर्लंडमधल्या कॉर्कचे. दुकानात गेले तर बोटाने वस्तू दाखवायचे, तोंड उघडायचे नाहीत. आणि त्याच वर्षांत रोज सकाळी अख्ख्या इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत लिमरिकची बोली बडबडत होती. वडील रेडिओचा आवाज मुद्दाम मोठा करायचे, शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू जावा म्हणून.

त्याने एकता-बिकतेवर भाषण दिल्याचं तिला आठवत नव्हतं. हवामान, डोनट, कोणाची तरी मांजर, हेच.

१८ डिसेंबर २००९, त्याचा सकाळचा शेवटचा कार्यक्रम. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोहोचलो तेव्हा तो निरोपाचं बोलत होता. 'माझा मित्र झाल्याबद्दल आभार' असं म्हणाला. इंजिन चालू ठेवून बसून राहिलो. शेजारच्या गाडीत पाहिलं, तर अकाउंट्सवाली बाई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसलेली. पलीकडच्या व्हॅनमध्ये कुरियरवाला, तोही तसाच. काचा चढवलेल्या, आतून वाफ धरलेली. कोणीच उतरेना.